सगळं दिसणारी रणभूमी

५ डिसेंबर १७५७ रोजी सायलेशियातल्या लॉइथेन गावाजवळ प्रशियाच्या फ्रेडरिकने आपल्याहून जवळजवळ दुप्पट असलेल्या ऑस्ट्रियन सैन्याची धूळधाण उडवली. सैनिकांच्या छोट्या आकृती टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळण्याची, म्हणजे मिनिएचर वॉरगेमिंगची, जी कला युरोपात रुजली आहे, तिच्यात ही लढाई वर्षानुवर्षं खेळली जाते. या कलेने कुठवर मजल मारली आणि ती कुठे अडली, हे पाहायलाही लॉइथेनच पुरेसं आहे. फ्रेडरिकच्या आघाडीने बोर्ना गावापाशी ऑस्ट्रियन घोडदळाची एक तुकडी उधळली. ऑस्ट्रियनांच्या उजव्या बगलेवरचा सेनानी लुकेझी याला वाटलं, हल्ला आपल्यावरच येणार. त्याने कुमक मागितली आणि ऑस्ट्रियन सेनापती डाउनने राखीव घोडदळ तिकडे धाडलं. प्रशियाचं मुख्य सैन्य मात्र बुटक्या टेकड्यांच्या आडून दक्षिणेकडे सरकलं आणि ऑस्ट्रियनांच्या डाव्या बगलेवर तुटून पडलं. टेबलापाशी बसलेल्या ऑस्ट्रियन खेळाडूला टेकड्यांच्या दोन्ही बाजू दिसतात. तो उजवीकडे एकही स्वार का पाठवेल? लढाईचा निकाल ज्या गैरसमजाने लावला, त्याला पटावर जागाच उरत नाही.

बाह्य रूपाच्या बाबतीत या कलेला नावं ठेवायला जागा नाही. क्रिस्टोफर डफीसारख्या इतिहासकारांनी फ्रेडरिक आणि मारिया थेरेसा यांच्या फौजांचा बारकाईने अभ्यास केला, आणि त्या अभ्यासाचं चीज रंगवणाऱ्यांनी केलं. कॉलरचा रंग, टोपीची किनार, निशाणावरचं चिन्ह यांत आज सहसा चूक सापडत नाही. प्रमाणाचं कोडं मात्र सुटलेलं नाही. चार्ल्स ग्रँट यांनी १९७१ च्या ‘द वॉर गेम’मध्ये एका बटालियनला सुमारे ५० आकृती दिल्या. तो थाट देखणा आहे. पण लॉइथेनला प्रशियाच्या सुमारे ४८ बटालियन होत्या, म्हणजे एकट्या पायदळालाच २,४०० आकृती लागतील. त्या कमी केल्या तरी अडचण संपत नाही. खरी बटालियन तीन रांगांत उभी राहायची, रुंदीला लांबलचक आणि खोलीला जेमतेम काही पावलं. टेबलावर आकृतींच्या तळपट्टीची खोलीच मैदानाचा केवढा तरी पट्टा खाते, आणि ज्या लॉइथेन गावात भिंतीभिंतीसाठी झुंज झाली ते तीन-चार घरांवर येऊन ठेपतं. सहा मिलिमीटरच्या आकृती हा दोष बराच कमी करतात. दिसायला त्या साध्या असल्या तरी या काळासाठी मला त्याच अधिक प्रामाणिक वाटतात.

नियम रचणाऱ्यांना सर्वदर्शी खेळाडूची अडचण ठाऊक आहे, आणि गेल्या काही दशकांतलं चांगलं काम खेळाडूचे हात बांधण्यातच झालं आहे. ‘ब्लॅक पावडर’मध्ये (२००९) हुकूम दिला तरी फाशांनी साथ दिली तरच पलटण हलते. ‘मॉरिस’मध्ये (२०१२) हातातले पत्ते जपून खर्चावे लागतात आणि एका वेळी सैन्याचा एखादाच भाग हलवता येतो. हरवलेले हुकूम, मारले गेलेले जासूद, गोंधळलेले अधिकारी हे सगळं फाशात आलंच, असं यावर सांगितलं जातं. ते काही अंशी खरं आहे. पण लुकेझीची चूक दैवाने घडवली नव्हती. त्याला जे दिसलं त्यावरून काढलेला तो रास्त निष्कर्ष होता. फासा सेनापतीला दुबळा करतो. फसवत मात्र नाही. फसवणुकीची सोय राइसविट्झने १८२४ मध्ये प्रशियन अधिकाऱ्यांसाठी रचलेल्या ‘क्रीग्सश्पील’मध्ये होती. तिथे मधला पंच प्रत्येक बाजूला तिला कळू शकेल तेवढंच सांगत असे.

संध्याकाळी जेमतेम दोघं जमतात, तिसरा पंच आणायचा कुठून, हा आक्षेप खरा आहे. पण बंद चिठ्ठ्या, काही खऱ्या आणि काही पोकळ खुणा, आधी लिहून ठेवलेले हुकूम एवढ्यावर दोघांतही बरंच झाकता येतं. ऑस्ट्रियन खेळाडूने इतिहास वाचलेलाच असतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय म्हणजे मैदान तेच ठेवून हल्ल्याची बगल गुप्तपणे प्रशियाच्या खेळाडूवर सोपवणं. मग कदाचित लॉइथेनचा निकाल पुन्हा लागणार नाही. पण लॉइथेनचा पेच उभा राहील, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो.

हीच कसोटी पानिपताला लावली की उणीव आणखी ठळक होते. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ मांडायची, इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी रंगवायच्या आणि उपाशी फौजेचे गुण कमी करायचे, एवढ्याने पानिपत होत नाही. उपासमार, बाजारबुणगे आणि यात्रेकरूंना घेऊन बाहेर पडण्याची सक्ती, संरक्षक गोलाची रचना सोडून पुढे गेलेले विंचूरकर-गायकवाडांचे स्वार, यांतलं पहिलं तर लढाईच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. म्हणून भाऊसाहेबांच्या बाजूच्या खेळाडूने पहिली चाल नोव्हेंबरात, गोविंदपंत बुंदेल्यांच्या रसदकामाची आशा शिल्लक असताना खेळावी. जानेवारीत टेबलावर उतरेल ते सैन्य त्याच्या त्याच निर्णयांतून उरलेलं असावं, आणि छावणी कधी सोडायची तेही त्यानेच ठरवावं.