झोव्कव्हा: गावाचं बारसं कुणी केलं?

फिलिप सँड्स यांचं 'ईस्ट वेस्ट स्ट्रीट' (2016) वाचलं असेल, तर शीर्षकातला रस्ता तुम्हाला आठवेल. तो पश्चिम युक्रेनमधल्या झोव्कव्हाचा. 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ही संकल्पना न्यूरेंबर्ग खटल्यात आणण्यामागचे कायदेपंडित हर्श लाउटरपाख्त इथेच 1897 मध्ये जन्मले.

पुस्तक उत्तमच आहे. पण त्याचा सगळा भार 1945-46 च्या खटल्यावर आहे, त्यामुळे गावाचं पुढचं बारसं आपल्या नजरेतून निसटतं. आणि खरी गंमत तिथेच आहे बघा.

गाव 1597 मध्ये पोलिश सेनानी झुव्केव्हस्की यांनी वसवलं, नावही त्यांचंच. याच सेनानीचं सैन्य 1610 मध्ये मॉस्कोत शिरलं होतं! 1951 मध्ये सोव्हिएत सत्तेने ते नाव पुसून 'नेस्तेरोव्ह' केलं. हा रशियन वैमानिक 1914 मध्ये याच परिसरात शत्रूच्या विमानाला धडक देऊन मेला. म्हणजे हे नावही अगदी उपरं नव्हतं.

1992 मध्ये जुनं नाव परतलं. पण 1943 मध्ये जवळच्या जंगलात गोळ्या घातलेले इथले ज्यू परतले नाहीत. म्हणून कुठलंही 'मूळ' नाव वाचताना एवढं विचारा: ते नाव घेणारं आता कोण उरलंय?