मुक्कामाचे साहित्य : भोर-वेल्ह्याचे गड आणि गो. नी. दांडेकरांचे दुर्गलेखन

प्रास्ताविक

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा ही प्रामुख्याने गतीची समीक्षा आहे. लेखक कोठून निघाला, कोठे पोहोचला, वाटेत त्याने काय पाहिले आणि ते किती रसाळपणे सांगितले, या प्रश्नांभोवती ती फिरत राहते. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'पर्यंतचे ग्रंथ बहुतांशी याच मापाने मोजले गेले. 'पूर्वरंग'मध्ये बालीसारखे उष्ण कटिबंधातील बेट येते, पण ते वाटेवरचे एक ठिकाण म्हणून. लेखक तेथे रमतो आणि पुढे निघतो. बेटावरच्या दीर्घ वास्तव्याचे कथन मराठीत शोधू गेल्यास प्रथम हाती येते ते वि. दा. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' (१९२७), म्हणजे १९११ ते १९२१ ही वर्षे अंदमानात काढलेल्या बंदिवानाचे निवेदन. तेथे मुक्काम आहे, परंतु तो लादलेला आहे. आपण होऊन एखाद्या आडजागी जाऊन राहणे, तेथील रहिवाशांच्या चुलीवरचे अन्न खाणे आणि आपल्याचसारखे पाठीवर बोजा घेऊन आलेल्या इतर पाहुण्यांना न्याहाळणे, या अनुभवाला मराठी समीक्षेने अद्याप वेगळे नाव दिलेले नाही.

असे साहित्य मराठीत नाही असे मात्र म्हणता येत नाही. ते समुद्रात न सापडता सह्याद्रीत सापडते. मराठीतील 'बेट' हा शब्दही समुद्रापुरता मर्यादित नाही. नदीच्या दोन फाट्यांमधील जमीन हे बेट, आणि बांबूचा दाट पुंजका हेही बेटच. भोवतालापासून तुटलेले, स्वतःत मिटलेले जे जे काही, त्याला मराठी माणूस बेट म्हणतो. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील राजगड, तोरणा आणि रायरेश्वर हे साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीचे माथे या अर्थाने बेटेच आहेत. पावसाळ्यात ढग खाली उतरले म्हणजे खालचे गाव दिसेनासे होते आणि वरचा माणूस वरचाच होऊन राहतो. या बेटांवर मुक्काम करणाऱ्या लेखकांत गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांचे स्थान पहिले. त्यांच्या दुर्गलेखनातील पाहुणा आणि यजमान यांच्या नात्याचा विचार येथे केला आहे.

अतिथीची घडण

दांडेकरांची घडणच अतिथीची आहे. परतवाड्यास जन्मलेल्या या लेखकाने कोवळ्या वयात शाळा आणि घर सोडले, गाडगे महाराजांच्या सहवासात काळ काढला, नर्मदेची परिक्रमा केली आणि पुढे तळेगाव दाभाडे येथे स्थिरावल्यावरही गडांची वाट सोडली नाही. 'स्मरणगाथा' या ग्रंथास १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या ग्रंथाचा पायाही भ्रमण हाच आहे. परिक्रमावासी तटावरच्या गावाने दिलेले खातो आणि मूल्य देत नाही. देणाऱ्याला देण्यात पुण्य आणि घेणाऱ्याला घेण्यात संकोच नाही, अशी ती नीती. दांडेकरांच्या दुर्गलेखनातील आतिथ्य हे मुख्यतः याच नीतीतील आतिथ्य आहे, ही बाब त्यांच्या समीक्षेत पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. गडाखालच्या वाडीतील माणूस भाकरी देतो, घोंगडी देतो, वाट दाखवतो आणि त्या बदल्यात त्याला काय मिळाले, हा प्रश्न या लेखनात क्वचितच मध्यभागी येतो.

या दृष्टीची फलश्रुती मोठी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 'दुर्गभ्रमणगाथे'सारख्या लेखनात राजगड हा इतिहासाच्या पुस्तकातील राजधानीपुरता उरत नाही. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, मध्ये उभा बालेकिल्ला, सुवेळा माचीवरचे नेढे ही सारी स्थळे एका दिवसात पाहून होतात. परंतु नेढ्यातून वारा कोणत्या प्रहरी अंगावर येतो, वैशाखात कोणत्या टाक्यात पाणी टिकते, पद्मावतीच्या तळ्याचा रंग पावसाआधी आणि पावसानंतर कसा पालटतो, हे एका भेटीत कळत नाही. दांडेकर एकाच गडावर पुन्हा पुन्हा गेले. त्यांचा मुक्काम म्हणजे अशा अनेक मुक्कामांची बेरीज आहे. त्यामुळे त्यांच्या गद्यात ऋतू येतात, झाडांची स्थानिक नावे येतात आणि माणसांची बोली येते. 'वाघरू' ही त्यांची राजगडाच्या पार्श्वभूमीवरील कादंबरी. तिचे शीर्षकच या कमाईचे उदाहरण आहे. शहरातील माणूस वाघ म्हणेल किंवा बिबट्या म्हणेल. 'वाघरू' या नपुंसकलिंगी रूपात भीती आहे आणि थोडी घरगुती सलगीही आहे. ज्याच्या गोठ्याला त्या जनावराचा उपद्रव आहे त्याच्याच तोंडी ते शोभते. हा शब्द वाटसरूला मिळत नाही. तो मिळण्यासाठी रात्री चुलीपाशी बसावे लागते.

प्रवासाची दिशा

तथापि मुक्कामाने दृष्टी जशी तीक्ष्ण होते तशी ती एका जागी रुतूनही बसते. दांडेकरांच्या दुर्गकादंबऱ्या एकत्र वाचल्या असता त्यांतील माणसांच्या हालचालींची एक ठरावीक दिशा दिसून येते. 'माचीवरला बुधा' (१९५८) हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. ही कादंबरी भोर-वेल्ह्यातील नसून त्याच जिल्ह्यातील मावळ तालुक्यातील राजमाचीच्या परिसरातील आहे; परंतु तिच्यातील मनोभूमिका सर्व दुर्गकादंबऱ्यांना व्यापून आहे. वृद्ध बुधा मुंबई सोडतो आणि पठारावर एकटा राहावयास येतो. झाडे, खार, कुत्रा हे त्याचे सोबती होतात. शहर म्हणजे विस्मरण, माची म्हणजे स्वरूपाची ओळख, असे समीकरण येथे सिद्ध होते. 'रानभुली'तील मनीचे रायगडाशी असलेले नाते आणि 'पवनाकाठचा धोंडी'मधील धोंडीचे तुंग गडाशी असलेले नाते याच जातीचे आहे. गड सोडणे म्हणजे तुटणे. गडाकडे परतणे म्हणजे पूर्ण होणे.

आता या दिशेची तुलना भोर-वेल्ह्याच्या वास्तवाशी करावी. हा प्रदेश अतिवृष्टीचा, डोंगरउताराचा. भात, नाचणी, वरई यांवर जगणारा. बागायतीस वाव थोडा. धरणे झाली ती भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर अशी ओळीने झाली, पण त्यांचे पाणी बहुतांशी खाली गेले आणि जमीन मात्र येथली बुडाली. (पुणे शहराच्या स्मरणात वेल्हे तालुका ठळकपणे येतो तो १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेत धरणामुळे; खोऱ्यातील विस्थापितांमुळे तो तितकासा येत नाही, हीही एक साहित्यिक वस्तुस्थितीच आहे.) अशा स्थितीत येथील कर्त्या पुरुषांची दिशा पिढ्यान्‌पिढ्या माचीकडून मुंबईकडे राहिली. गिरणी, गोदी, हमाली, पुढे पुण्यातील कारखाने. गावात म्हातारी माणसे, बायका आणि मुले. घर चाले ते बाहेरून येणाऱ्या पैशावर. ज्या काळात बुधा कादंबरीत मुंबईहून माचीवर चढत होता, त्या काळात प्रत्यक्षात त्याचे भाऊबंद त्याच वाटेने उतरत होते.

कादंबरीकाराने समाजशास्त्र लिहावे अशी अपेक्षा येथे नाही. बुधासारखा एखादा माणूस असू शकतो, आणि एखाद्याच माणसाची कथा सांगणे हा कादंबरीचा अधिकार आहे. प्रश्न उद्भवतो तो वेगळ्या ठिकाणी. गडावर राहण्यातील सौंदर्य ज्याला दिसते तो लेखक स्वतः उतरून जाऊ शकतो. त्याचे गडावर असणे ही निवड आहे. त्याने ही निवड आपल्या नायकाला बहाल केली, आणि जो नायक नाही, ज्याला निवड नव्हती, तो कथेच्या कडेला राहिला. डोक्यावर हंडा घेऊन उन्हाळ्यात चढण चढणाऱ्या बाईला रस्त्यालगतच्या गावात मुलगी द्यावीशी वाटणे यात कोणतीही आत्मविस्मृती नाही. दुर्गकादंबऱ्यांच्या भावविश्वात मात्र या इच्छेला प्रतिष्ठेची जागा मिळणे कठीण आहे.

याला आणखी एक कारण आहे. दांडेकरांच्या दृष्टीने गडावरील प्रत्येक माणूस शिवकाळाशी जोडलेला आहे. राजगड ही पाव शतकाच्या आसपास स्वराज्याची राजधानी होती. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी दाखवली जाते. अशा भूमीवर पाय ठेवताच लेखकाचे गद्य नतमस्तक होते, विशेषणे दाटतात, आणि समोर ताक घेऊन उभा असलेला म्हातारा मावळ्याचा वंशज दिसू लागतो. त्यात त्या म्हाताऱ्याचा गौरव आहे, याविषयी शंका नाही. पण त्याचे स्वतःचे शतक त्याच्या हातून सुटते. त्याचे कर्ज, रेशनकार्ड, मुंबईतील खोलीवर राहणारा मुलगा हे सारे सतराव्या शतकाच्या प्रकाशात फिके पडते. दांडेकरांचे संवाद या दोषाला अनेकदा आपोआप छेद देतात. बोलीत बोलू लागलेले पात्र लेखकाच्या भक्तीला जुमानत नाही. ते कुरकुरते, हिशोब करते, थट्टा करते. निवेदनापेक्षा संवाद अधिक खरे असणे हे या लेखनाचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

पाहुण्यांचे बेट

तुलनेसाठी पाश्चात्त्य साहित्यातील एक टोक पाहणे उपयुक्त ठरेल. अ‍ॅलेक्स गारलंड यांच्या 'द बीच' (१९९६) या इंग्रजी कादंबरीत पाठीवर बोजा घेऊन हिंडणारे युरोप-अमेरिकेतील तरुण थायलंडमधील एका गुप्त बेटावर वसाहत करून राहतात. त्यांना पर्यटक नकोत. ते स्वतः पर्यटक आहेत हेही त्यांना नको आहे. त्या बेटावरील स्थानिक म्हणजे गांजाच्या शेतावरचे सशस्त्र पहारेकरी, एवढेच. त्या कादंबरीवरील चित्रपटाचे चित्रीकरण झालेला माया बे हा किनारा पुढे गर्दीने इतका खचला की तो २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये निर्बंधांसह पुन्हा उघडला. गारलंड यांच्या बेटावर पाहुणेच पाहुणे आहेत, यजमान नाही. दांडेकरांच्या माचीवर यजमान आहे, पण पाहुणा म्हणून आलेला लेखक स्वतःला अदृश्य करतो. दोन्हीकडे जागा शुद्ध ठेवण्याची ओढ समान आहे, आणि दोन्हीकडे गाळला जातो तो या दोघांमधील व्यवहार.

हा व्यवहार भोर-वेल्ह्यात गेल्या काही दशकांत उघड झाला. पाठीवर सॅक घेऊन पुण्या-मुंबईहून येणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांसाठी राजगडावरील पद्मावतीचे मंदिर आणि तोरण्यावरील मेंगाई देवीचे मंदिर ही दीर्घकाळ मुक्कामाची जागा होती. गुंजवणे, पाली, वेल्हे येथील घरांत पिठले-भाकरीची पंगत बसू लागली, वाटेवर ताक आणि लिंबू सरबताची भांडी मांडली गेली. या पिढीने स्वतःचे लेखनही निर्माण केले. त्याच्या ठरावीक रचनेत गडाची उंची, श्रेणी आणि वाट यांनंतर तीन नोंदी येतात : राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय. दांडेकरांच्या लेखनातील मावळ्याचा वंशज येथे 'सोय' झाला. हे अवमूल्यन आहे असे सहज म्हटले जाते. परंतु सोयीला दर असतो, आणि दर ठरवताना यजमान प्रथमच पाहुण्याच्या बरोबरीने बोलतो, ही बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. परिक्रमेच्या नीतीत त्याला ही संधी नव्हती.

पठारावरचे यजमान

भोर तालुक्यातील रायरेश्वर या दृष्टीने राजगडाहूनही बोलका आहे. येथे शिवरायांनी १६४५ मध्ये सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली अशी परंपरा सांगितली जाते, आणि बहुतेक लेखन या एका प्रसंगापाशी थांबते. वास्तविक रायरेश्वर हे राहते पठार आहे. मंदिराची सेवा करणारी जंगम कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शेती करतात, जनावरे पाळतात आणि येणाऱ्याला जेवण व आसरा देतात. वर जाण्याच्या वाटेवर अखेरच्या टप्प्यात कड्याला लावलेली लोखंडी शिडी आहे. पाहुण्याला ती शिडी साहसाची खूण वाटते. पठारावरील आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि शाळेतल्या मुलाला ती शिडीच असते.

काही वर्षांपूर्वी या पठारावरील शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरचे भाग सुटे करून ते शिडीच्या वाटेने वर नेले आणि पठारावर पुन्हा जोडले. वर्तमानपत्रांनी ही बातमी कौतुकाने छापली. साहित्याच्या दृष्टीने ती अधिक गंभीर आहे. गड सोडावयाचा नाही, पण गडावर सतराव्या शतकातही राहावयाचे नाही, असा तिसरा मार्ग त्या माणसांनी काढला. बुधाने शहर टाकले. त्याच्या भाऊबंदांनी माची टाकली. या शेतकऱ्यांनी शहरातील यंत्र खांद्यावर घेऊन माची राखली. मराठी दुर्गसाहित्यात या कृतीसाठी कथानकाचा साचा तयार नाही, कारण ते साहित्य चढणाऱ्या पाहुण्याचे आणि न हलणाऱ्या यजमानाचे आहे.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली, आणि जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत राजगडाचा समावेश झाला. गावाच्या नावाने ओळखला जाणारा मुलूख आता गडाच्या नावाने ओळखला जाईल, आणि गडावर काय बांधावे, काय विकावे, रात्री कोणी राहावे याचे नियम अधिक दूरवरून ठरतील. अशा वेळी गडाखालच्या माणसाने कसे दिसावे याविषयीची जी प्रतिमा शिक्षित वाचकाच्या मनात आहे, ती फार मोठ्या प्रमाणात दांडेकरांनी घडवलेली आहे. निष्ठावान, निरिच्छ, गडाला चिकटून राहिलेला, मोबदला न मागणारा. ताकाचे भांडे घेऊन बुरुजाच्या सावलीत बसलेल्या बाईला ही प्रतिमा उपयोगाची नाही. दांडेकरांच्या संवादांत अधूनमधून कुरकुरणारा, हिशोब विचारणारा जो म्हातारा आहे, तो मात्र तिच्या बाजूचा आहे, आणि 'दुर्गभ्रमणगाथा' व 'वाघरू' यांचे पुढील वाचन त्याच्या बोलण्याकडे कान देऊन करावयास हवे.