चिखलदरा : एक परीक्षण

नाटकांची परीक्षणं लिहिणाऱ्यांचा मला पहिल्यापासून हेवा वाटत आला आहे. पास फुकट, खुर्ची पुढची आणि वर नावं ठेवायची मुभा! मला नाट्यगृहात तसं कोणी बोलावलं नाही. म्हणून एका गावाचंच परीक्षण लिहून हौस भागवतो आहे.

भाचीच्या बाळाच्या बारशाला आम्ही नागपूरहून मोटारीने इंदूरला निघालो होतो. चिखलदरा ‘वाटेतच’ आहे, असं मी जाहीर केलं. खरं म्हणजे परतवाड्याच्या पुढे वाट बरीच वाकडी करावी लागते. पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं. गाडीत सौ., दोन मुलं, आई आणि आईच्या पायाशी चिवड्याचा डबा.

नेपथ्याला पैकीच्या पैकी गुण. सुमारे अकराशे मीटर उंची, श्रावण महिना, खाली मेळघाटचं जंगल आणि अधूनमधून चक्क कॉफीची झाडं. प्रकाशयोजना मात्र धुक्याच्या लहरीवर. हरिकेन पॉइंटवरून धुकं दिसलं. देवी पॉइंटवरून तेच धुकं दुसऱ्या बाजूने दिसलं.

कथानक महाभारतातलं. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून हा कीचकदरा आणि पुढे चिखलदरा. रक्ताचे हात धुतले ते भीमकुंड. धाकट्याने विचारलं, “मग चिखल कुठंय?” त्याचं उत्तर त्याच्या बुटांनी दोन मिनिटांत शोधलं. गाविलगड घ्यायला १८०३ साली आर्थर वेलस्लीला तोफा लावून काही दिवस खपावं लागलं होतं. आम्ही तो फोटोंसकट वीस मिनिटांत घेतला.

प्रमुख भूमिका वाघाची. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. एवढा जुना नट! पण तो पाट्यांवरच दिसला. रंगमंचावर शेवटपर्यंत आला नाही. धाकट्याचं म्हणणं, पैसे परत मागावेत.

आता प्रेक्षकांविषयी. पंचबोल पॉइंटला हाक मारली की दरी ती पाच वेळा परत करते, म्हणतात. मला मोजता आलं नाही. एकाची हाक परत यायच्या आत दुसऱ्याची सुटत होती. “राजूऽ”, “पिंकीऽ”, आणि आमच्या थोरल्याचं “वाघोबाऽ”! मीही घसा साफ करून स्वतःचंच नाव ओरडलो. दरीला स्वतःचं काही बोलायचं असतं, तर मधे जागाच नव्हती.

गुडघ्यांमुळे आईला पॉइंट जमणारे नव्हते. तिला आम्ही एका चहाच्या टपरीत बसवून गेलो होतो. “आलोच अर्ध्या तासात,” असं सांगून तीन तासांनी परतलो आणि रस्त्यावरूनच हॉर्न दिला. ती गाडीत बसली तेव्हा मी जरा ओशाळून विचारलं, “कंटाळलीस का गं?”

“कंटाळा कसला? एक ढग आला होता.”

“कुठे?”

“दुकानात. दरीतून चढून वर आला, पुढच्या दाराने आत शिरला. शेगडी दिसेना, चहावाला दिसेना, माझा कप मला दिसेना. मग गेला मागच्या दाराने. मागे रानकोंबडा ओरडत होता. किती वेळ ऐकत होते! तू हॉर्न दिलास तसा गप्प झाला.”

गाडीत कोणी काही बोललं नाही. सहा पॉइंट पाहून आलेल्या चौघांकडे मिळून सांगण्यासारखं एवढंही नव्हतं.

तेव्हा माझा अभिप्राय असा : प्रयोग उत्तम, प्रेक्षक सुमार. वाघाचंही हेच मत असावं. नाहीतर आलेला प्रयोग कोणता नट असा सोडतो?

येताना पुन्हा थांबायचं आणि मी आईशेजारी टपरीत बसायचं, असं मी घाट उतरताना जाहीर केलं.

“बसा की,” सौ. म्हणाली, “पण आधी राहिलेला मोझरी पॉइंट उरकू.”