आवडीचा ताळेबंद

वर्षभरात आवडलेल्या गोष्टींची यादी डिसेंबरअखेर करायची, असा सभ्य लोकांचा रिवाज आहे. आम्ही पडलो बँकवाले. आमचं वर्ष ३१ मार्चला संपतं. २०२४ साली तर ही तारीख नेमकी रविवारी आली आणि सरकारी व्यवहारांच्या शाखा चालू ठेवा, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम सुटला. घरी मटण शिजत असताना रिकाम्या काउंटरवर बसलेला माणूस काय करील? मी माझी खासगी खतावणी उघडली. तीन खाती : संगीत, ठिकाणे, माणसे.

जुनी पानं चाळली आणि शरमलो. संगीतात ओळीने सहा वर्षं एकाच बड्या खाँसाहेबांचं नाव. त्यांच्या विलंबितात मला हमखास झोप लागते! ठिकाणांत हंपी. हंपीला मी गेलेलोच नाही. माणसांत त्या त्या साली असलेले ब्रँच मॅनेजर, बदल्यांच्या क्रमाने. सौभाग्यवतींनी ही वही एकदा पाहिली होती तेव्हा एवढंच विचारलं होतं, "ह्यातलं स्वतःचं किती आणि उसनं किती?"

वीस वर्षं नोटा मोजतोय. खोटी नोट माझ्या बोटांना कळते. खोटी आवड मात्र माझ्याच वहीत बिनबोभाट खपत होती. म्हणून २०२३-२४ साठी कसोटी ठरवली : कुणी बघत नसताना ज्याची ओढ वाटली, तेवढंच जमा.

संगीत. १३ जानेवारी २०२४ ला प्रभा अत्रे गेल्या. त्या रात्री वडिलांची जुनी तबकडी कपाटातून काढली, मारुबिहाग आणि कलावतीची. (ती अजून घरात आहे कशी, ते माणसांच्या खात्यात सांगतो.) ग्रामोफोन केव्हाच मोडीत गेला, तेव्हा तबकडी मांडीवर घेऊन गाणं मोबाईलवर ऐकलं. मारुबिहागात प्रभाताईंना कुठे पोचायची घाई नाही. एकेक स्वर नीट बसला की मगच पुढचा. सरगम म्हणजे गवयाने हिशेब मोठ्याने वाचून दाखवणं, अशी माझी समजूत होती. इथे शब्द संपतात आणि सांगायचं मात्र उरलेलं असतं, ते सरगम सांगते. विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या असलेल्या या बाईंनी डॉक्टरेटचा प्रबंधही सरगमेवरच लिहिला होता. कलावतीत तर मुळात पाचच स्वर. रिषभ आणि मध्यम रजेवर. आमच्या शाखेतही मंजूर सात, हजर पाच. पण आमची उणीव पहिल्या टोकनालाच कळते, त्यांची शेवटपर्यंत कळत नाही. द्रुत सुरू झाली की मन पुन्हा विलंबिताकडे पळतं, ही माझी खोड. गाण्याचा दोष नव्हे. महत्त्वाची नोंद : झोप लागली नाही.

ठिकाणे. मी नगरचा. तेव्हा कागदावर अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. एसटीचा कंडक्टर दोन्ही राजवटींत "नगर, नगर" असंच ओरडतो. गावाच्या पूर्वेला डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे. पाहुण्यांना तिथे उभं करून १५९५-९६ चा मोगलांचा वेढा, चांदबिबीने लढवलेला किल्ला, असं भाषण मी वर्षानुवर्षं ठोकत आलो. वास्तविक ती सलाबतखानाची कबर, निजामशाहीतल्या एका मंत्र्याची! खातं एकाचं, पाटी दुसरीची. आमच्याकडे असं खातं केवायसीअभावी गोठवलं असतं. यंदा पाहुण्यांशिवाय, एकटाच चढलो. अष्टकोनी, तीन मजली, दगडी वास्तू. नक्षीचा सोस नाही. कमानीत बसलं की वारा आणि खाली पसरलेला मुलूख. भाषण थांबलं की इमारत दिसते, हे कळायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

माणसे. दोन हजारांच्या नोटा बँकेत बदलून घ्यायची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. पुढच्याच आठवड्यात एक आजी आल्या. पदराच्या गाठीत एकच नोट.

"भाऊ, बाजारात कुनी घेईना."

मी नियम सांगितला. पोस्टाने रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात पाठवा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. अर्ज मी लिहून देतो, म्हणालो.

"म्हंजी ही नोट माघारी नाय यायची?"

"नोट नाही, पैसे येतील."

"मंग नगं. पोराच्या पयल्या पगाराची हाय."

"अहो आजी, दोन हजारांचं नुकसान!"

"नुसकान कशाचं? खर्चायची आसती, तर तवाच खर्चली नसती का?"

आणि गाठ मारून निघून गेल्या. मी कॉमर्सचा पदवीधर. दर्शनी किंमत आणि बाजारभाव एवढ्या दोनच किमती मला शिकवल्या होत्या. तिसरी त्या आजींच्या पदरात होती. त्या दिवाळीच्या आवराआवरीत वडिलांची तबकडी मी भंगारात काढली होती. वाजवायला यंत्र नाही, ठेवून करायचं काय? भंगारवाला दारात तराजू लावत होता, तेवढ्यात आजींची गाठ आठवली. तबकडी उचलून आत नेली. भंगारवाल्याला वाटलं, मी भाव वाढवतोय.

खातेदाराची गुप्तता पाळावी लागते, म्हणून नोंद बिननावाची : 'एक आजी.'

संध्याकाळी वही सौभाग्यवतींपुढे तपासणीला ठेवली. बराच वेळ वाचून म्हणाल्या, "यंदा उसनं काही दिसत नाही. पण माणसांत मी कुठे?"

मी प्रसंगावधान राखून म्हणालो, "तुझं चालू खातं. ते वार्षिक यादीत येत नाही."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "चालू खात्यावर व्याज नसतं!" आणि मटणाचं पातेलं माझ्यापासून जरा लांब ठेवलं.