ध्यान, हुरूप आणि बुडीत खर्च

तुम्ही परदेशात एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी करत असाल, तर एचआरकडून ती मेल तुम्हाला एव्हाना एकदा तरी आली असेल. गुरुवारी दुपारी बारा ते दोन, जेवण कंपनीकडून, विषय माइंडफुलनेस. खाली तीन फायदे लिहिलेले: ताण कमी होतो, मोटिव्हेशन वाढतं, निर्णय चांगले घेता येतात. आमच्या ऑफिसात शिकवायला आलेल्या बाईंनी सगळ्यांना ‘नमस्ते’ केलं आणि माझ्याकडे बघून जरा जास्तच हसल्या. खोलीत मी एकटाच भारतीय, तेव्हा हे सगळं माझ्या घरचंच असणार, असा त्यांचा समज झाला असावा. आमच्या घरी ध्यान कुणीच करत नसे. आजी जप करायची, तोही भाजी निवडता निवडता.

जाताना बाईंनी एक पुस्तक सुचवलं, चेड-मेंग टॅन यांचं ‘सर्च इनसाइड युवरसेल्फ’. २०१२ साली आलेलं हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांच्या शेल्फवर असेल, निदान किंडलवर तरी. टॅन मूळचे सिंगापूरचे, गूगलमधल्या अगदी सुरुवातीच्या इंजिनिअरांपैकी एक. २००७ मध्ये त्यांनी तिथल्या सहकाऱ्यांसाठी याच नावाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातूनच हे पुस्तक झालं. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा आवडलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्याच्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली असं वाटलं म्हणून.

आधी आवडलेलं सांगतो. ध्यानावर लिहिणारी माणसं पहिल्या पानापासून आवाज खाली आणतात, टॅन तसं करत नाहीत. ते इंजिनिअरला इंजिनिअरच्या भाषेत समजावतात, मधूनमधून व्यंगचित्रं टाकतात, स्वतःवर हसतात. ध्यान कसं करायचं याच्या दोन रीती ते देतात. सोपी रीत म्हणजे दोन मिनिटं श्वासाकडे हळुवार लक्ष द्यायचं. त्याहून सोपी म्हणजे दोन मिनिटं काहीही हेतू न ठेवता नुसतं बसायचं. पाटावर ताठ बसून नाकाच्या शेंड्याकडे बघण्याच्या सक्तीतून सुटलेल्या माणसाला हे वाचून हायसं वाटतं. राग आल्यावर काय करायचं त्याची पाच पायऱ्यांची युक्तीही चांगली आहे: थांबा, श्वास घ्या, काय होतंय ते पाहा, विचार करा आणि मग उत्तर द्या. रात्री साडेदहाच्या कॉलवर ती मी वापरली आहे. निदान एक नको ती मेल तरी त्यामुळे ड्राफ्टमध्येच राहिली.

पण मेलमधल्या फायद्यांपैकी दुसऱ्याचं काय? ध्यानानं हुरूप येतो का? यासाठी पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, सहावं. ते नीट वाचा आणि त्यात ध्यान किती आहे ते बघा. सुरुवातीला काम आणि आपली मूल्यं यांचा मेळ कसा घालावा ते येतं. त्यातला बराच भाग डॅनियल पिंक आणि टोनी शे यांच्या विचारांवर उभा आहे. मग पाच वर्षांनंतरचं आपलं उत्तमात उत्तम आयुष्य कसं असेल ते कागदावर लिहायला सांगितलं जातं. हा व्यायाम छान आहे, पण ते कल्पनाचित्र झालं, त्याला ध्यान म्हणता येणार नाही. ध्यान येतं ते शेवटी, अपयश पचवण्याच्या भागात. पूर्वीचं अपयश आठवायचं, शरीरात काय होतं ते पाहायचं आणि ते जाऊ द्यायचं. म्हणजे हुरूप देण्याचं काम दुसऱ्याच गोष्टी करतात, आणि ध्यान आपलं नेहमीचं काम करतं, मूठ सैल करण्याचं. लेखकानं हा फरक कुठेही सांगितलेला नाही. तो सांगितला असता तर कंपन्यांनी हा अभ्यासक्रम एवढ्या उत्साहानं घेतला असता का, ही शंका मला आहे.

हा फरक माझ्या मनाचा खेळ नाही. २०१८ मध्ये अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि कॅथलीन व्होस या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. काही लोकांना थोडा वेळ ध्यान करायला लावलं, बाकीच्यांना नाही. मग मेमो सुधारणं, मजकूर टाइप करणं अशी ऑफिसातली रटाळ कामं पुढे ठेवली आणि विचारलं, हे करायची कितपत इच्छा आहे? ध्यान केलेल्यांची इच्छा कमी भरली. काम मात्र त्यांनी बाकीच्यांइतकंच नीट केलं. याच निष्कर्षांवर दोघांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा आशय असा की, साहेब, तुमची माणसं ध्यानाला बसलेली तुम्हाला परवडणार नाहीत.

मला यात धक्कादायक काही वाटलं नाही. हुरूप येतो तो बहुतेक वेळा आत्ता जे आहे ते पुरेसं नाही या बोचणीतून, पुढच्या प्रमोशनच्या, पुढच्या घराच्या विचारातून. ध्यानात माणूस आत्ताच्या क्षणाशी पंधरा मिनिटं तह करतो. त्या तहानंतर त्यानं लगेच स्प्रेडशीटवर तुटून पडावं, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे.

तिसऱ्या फायद्याचं, निर्णयांचं, मात्र तसं नाही. तिथे ध्यानाच्या बाजूनं पुरावा आहे आणि तो आपल्यासारख्यांच्या फार जवळचा आहे.

आधी बुडीत खर्चाची भानगड सांगतो. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी लोकांना एक प्रश्न घातला. तुम्ही मिशिगनच्या स्कीइंग सहलीचं शंभर डॉलरचं तिकीट काढलंय आणि विस्कॉन्सिनच्या सहलीचं पन्नासचं. विस्कॉन्सिनला जास्त मजा येईल असं तुम्हाला वाटतंय. मग लक्षात येतं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? अर्ध्याहून अधिक लोक म्हणाले, मिशिगनला. पैसे दोन्हीकडचे गेलेच होते, पण जास्त गेलेल्या पैशांच्या मागे माणसं कमी मजेच्या सहलीला निघाली.

आता आपल्या पार्किंग लॉटमधल्या गप्पा आठवा. ग्रीन कार्डसाठी कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातला सात टक्क्यांहून मोठा वाटा मिळत नाही, म्हणून भारतीयांची रांग हलता हलत नाही. ‘अकरा वर्षं काढली, आता सोडून कसं जायचं?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. न्यायानं सांगायचं तर रांगेतली जागा निव्वळ बुडीत नाही, तिला पुढे काहीतरी किंमत आहे आणि ती हिशेबात धरायलाच हवी. पण त्या अकरा वर्षांत न पटणाऱ्या साहेबाखाली काढलेले दिवस, नाकारलेल्या नोकऱ्या, बायकोनं घरी बसून काढलेली वर्षं परत मिळणार नाहीत. तरीही निर्णय घेताना सगळ्यात मोठ्यानं बोलतात ती तीच.

हाफेनब्रॅक यांनीच झोई किनियास आणि सिगल बार्सेड यांच्याबरोबर २०१४ मध्ये या सापळ्यावर काम केलं होतं. पंधरा मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसलेली माणसं बुडीत खर्चाच्या मागे कमी धावली. त्यांचं मन भूतकाळात आणि भविष्यात कमी भटकलं आणि बोचणाऱ्या भावनाही कमी झाल्या, असं कारण संशोधकांना सापडलं. प्रयोगशाळेतले हे कागदी प्रश्न होते. देश सोडायचा की नाही, याचं उत्तर पंधरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून निघेल असं ते तिघंही म्हणत नाहीत. तरी दिशा पटण्यासारखी आहे. ‘इतकं घालवलं’ हा आवाज जरा खाली गेला, तर ‘इथून पुढे काय’ हे ऐकू येतं. टॅन यांच्या पुस्तकात या विषयावर एखादं प्रकरण असतं, तर मी ते चार जणांना वाचायला दिलं असतं.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली. मनगटाचं हाड मोडलं. बाबांचा फोन आला तेव्हा इथे सकाळचे सात वाजले होते. ते म्हणाले, “काही घाबरण्यासारखं नाही. प्लास्टर घातलंय. तू उगीच रजा घालवू नकोस.” या वाक्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मलाही तो कळला होता. पोटात खड्डा पडला, आणि मी शिकल्याप्रमाणे गाडीतच डोळे मिटून वीस मिनिटं बसलो. खड्डा भरून आला. मन शांत झालं, डोकं अगदी ‘व्यवहारी’ झालं. बाबा ठीक आहेत म्हणतायत, शेजारच्या काकू आहेत, एप्रिलमध्ये रिलीज आहे. मी तिकीट काढलं नाही. आपण भावनेच्या भरात निर्णय घेतला नाही याचा मला त्या दिवशी अभिमानही वाटला. मी गेलो तो जूनमध्ये. तोपर्यंत प्लास्टर निघालं होतं आणि आई डाव्या हातानं पोळ्या लाटायला शिकली होती.

पुढे २०२२ मध्ये हाफेनब्रॅक यांचाच आणखी एक शोधनिबंध आला, मॅथ्यू लापाम आणि इझाबेल सोलाल यांच्यासह लिहिलेला. आपण कुणाशी वाईट वागलो हे आठवलेल्या माणसांना श्वासावरचं ध्यान करायला लावलं, तर त्यांचा अपराधीपणा ओसरतो, आणि त्याबरोबर भरपाई करण्याची इच्छाही ओसरते. मी तो वाचला आणि मला गाडीतली ती वीस मिनिटं आठवली. पोटातला खड्डा हा मला त्रास होता, पण तो निरोपही होता. मी त्रास घालवायला गेलो आणि निरोपही वाचायचा राहिला.

म्हणून निर्णय चांगले होतात, हे मेलमधलं वाक्य मला अर्धवट वाटतं. बुडालेल्या पैशांचं ओझं आणि आईबद्दलची टोचणी, दोन्ही मनाला मागेच ओढतात. श्वासाला त्यातला फरक कळत नाही. तो दोन्ही सारखीच हलकी करतो. कुठलं ओझं टाकायचं आणि कुठलं उचलून चालायचं, हे आधी दुसरीकडे कुठेतरी ठरलेलं असावं लागतं.

ज्या परंपरांतून हे ध्यान आलं, तिथे ही सोय होती. पतंजलीच्या आठ अंगांत ध्यानाचा नंबर सातवा आणि पहिला यमाचा, म्हणजे हिंसा, चोरी, खोटेपणा टाळण्याचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरत नाही अशी तक्रार अर्जुन करतो, तेव्हा कृष्ण त्याला अभ्यास आणि वैराग्य सांगतो. हुरूप हा शब्दही तिथे नाही. आणि अर्जुनाचा निर्णय त्या अध्यायात होत नाहीच. त्यासाठी अठराव्यापर्यंत वाद घालावा लागतो. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलेले वाचक सांगतील की तिथेही पहिल्या दिवशी श्वासाच्या आधी पंचशील घ्यावं लागतं. ते केंद्र उभं करणारे सत्यनारायण गोएंका स्वतः परदेशी वाढलेले, मंडालेच्या मारवाडी कुटुंबातले. अर्धशिशीनं हैराण होऊन ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन पेशानं ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल. गोएंका नेहमी सांगत की, फक्त डोकेदुखीसाठी आला असाल तर मी शिकवणार नाही, असं गुरूंनी त्यांना पहिल्याच भेटीत बजावलं होतं. हिशेबनीस माणूस, पण हा सौदा त्यांनी नाकारला. आमच्या एचआरनं नेमका तोच सौदा दोन तासांत जेवणासकट करून दिला.

टॅन यांच्यावर सगळा राग काढणं मात्र बरोबर नाही. अपराधीपणाच्या त्या निबंधात आणखी एक गोष्ट होती: श्वासाऐवजी मैत्रीचं ध्यान, म्हणजे समोरच्याचं भलं चिंतण्याचं ध्यान केलेल्यांमध्ये भरपाईची इच्छा श्वासवाल्यांपेक्षा जास्त राहिली. इगतपुरीला ही मैत्री-भावना दहाव्या दिवशी शिकवतात. टॅन यांच्या पुस्तकात ती सातव्या प्रकरणात आहे, सहानुभूतीच्या प्रकरणात, आणि ती त्यांनी मनापासून लिहिली आहे. आमच्या दोन तासांत दुसरं आणि सहावं प्रकरण झालं. सातव्याला वेळ उरला नाही, कारण दोन वाजता खोली दुसऱ्या कुणीतरी बुक केलेली होती.

तेव्हा पुस्तक हाताशी असेल तर वाचाच. दुसरं आणि पाचवं प्रकरण रोजच्या कामाचं आहे. सहाव्याच्या आधी सातवं वाचलंत तर उत्तम. मी अजूनही गाडीत बसतो, सकाळी, इंजिन बंद करून. फक्त आता बसायच्या आधी घरी फोन करतो, आणि बाबा ‘काही नाही’ म्हणाले तर फोन आईकडे द्यायला सांगतो.