सुलोचनाबाई आणि ‘आई’

सुलोचनाबाईंना आपण इतकी वर्षे ‘आई’ म्हटले की, त्या नटी होत्या याचाच विसर पडला. फाळके पुरस्कार त्यांना मिळाला नाही, त्याचे मूळ मला ह्या कौतुकातच दिसते. सोशिकपणा हा बाईंचा स्वभावच, त्यात अभिनय तो कसला, असा हा हिशेब!

‘मोलकरीण’ (१९६३) आठवावा. पोटच्या मुलाच्या घरी ही बाई मोलकरीण म्हणून राबते. आई म्हणून पाऊल पुढे पडते, मोलकरीण म्हणून ते आवरायचे. आणि हे सारे आवाज न चढवता. मी पडलो मास्तर. न ओरडता वर्ग धरून ठेवणे किती कठीण, हे मला ठाऊक आहे! बरे, सोसणे हाच स्वभाव म्हणावा, तर पुढच्याच वर्षी ‘मराठा तितुका मेळवावा’मधली जिजाबाई कुठून आली?

हिंदीतल्या पांढऱ्या साडीविषयी न बोललेलेच बरे. १९९९ साली पद्मश्री आणि पुढे महाराष्ट्रभूषण मिळाले, हे खरे. जून २०२३ मध्ये बाई गेल्या. पण पृथ्वीराज कपूर, विनोद खन्ना यांना फाळके पुरस्कार मरणोत्तरच दिला होता ना?