तीन ओळींचा हिशेब आणि तांबट आळीतला काटा

शाश्वत विकासात उद्योगांची भूमिका काय, असं विचारलं की हल्ली तीन शब्दांत उत्तर येतं: लोक, पृथ्वी, नफा. मॅनेजमेंटच्या कुठल्याही सेमिनारला जा, पहिल्या चार-पाच स्लाइडमध्ये ही त्रयी हजर असतेच. जॉन एल्किंग्टन या ब्रिटिश लेखक-सल्लागाराने १९९४ मध्ये ती 'ट्रिपल बॉटम लाइन' या नावाने मांडली. नफा-तोट्याच्या पत्रकात शेवटची ओळ एकच असते, तशा तीन असाव्यात, असं त्याचं म्हणणं. पण २०१८ मध्ये त्यानेच 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लिहून ही कल्पना परत मागवली, सदोष गाड्या कंपन्या परत मागवतात तशी. भांडवलशाहीवर फेरविचार व्हावा म्हणून काढलेली गोष्ट नुसतं हिशेबाचं हत्यार होऊन बसली, ही त्याची तक्रार.

आपल्याकडे याला 'मोडीत काढणं' म्हणतात. तक्रार रास्त आहे, पण मला ती अपुरी वाटते. ओळी एक असोत की तीन, त्या कोणाच्या वहीत लिहायच्या, हा प्रश्न एल्किंग्टन फारसा विचारत नाही. वही कंपनीची, हे गृहीतच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या उद्दिष्टांमध्येही तेच: १२.६ वाचलंत तर मोठ्या कंपन्यांनी शाश्वततेची माहिती आपल्या अहवालांत द्यावी, असं आवाहन दिसेल. म्हणजे शाश्वतता हा कंपनीचा गुण, माणसाच्या रक्तगटासारखा, ज्याचा त्याच्यापाशी.

हे गृहीतक तपासायला कसबा पेठेसारखी जागा नाही. इथल्या तांबट आळीत पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांचे वंशज आजही तांबं ठोकतात. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, तांब्या हा त्यांचा जुना माल. आता या धंद्यात तांब्याचं काय होतं ते बघा. हंडा वजनावर विकला जातो. घरात तो वीस-तीस वर्षं वापरला जातो. भांड्यात अन्न कळकू नये म्हणून कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन येतो आणि भांड्याचं आयुष्य वाढवतो. हंडा पिचला की मोडीत जातो, तोही वजनावर, आणि त्याचे पैसे नव्या भांड्यात वळते होतात. तांबं कितीही वेळा वितळवलं तरी त्याचे गुण जात नाहीत. आज 'चक्राकार अर्थव्यवस्था' म्हणून परिषदा भरतात, ते हेच.

पण ही शाश्वतता आहे कोणाची? तांबटाची म्हणावी, तर तो फक्त भांडं घडवतो. दुकानदार फक्त तोलतो, कल्हईवाल्याकडे तर दुकानही नाही. आणि ज्या घराने तीस वर्षं हंडा चिंचेने घासला, ते घर कुठल्याच व्यवसायात मोडत नाही. चक्र या सगळ्यांच्या मधल्या जागेत फिरतं. एकेकाची वही स्वतंत्र तपासली तर कोणाच्याच वहीत ते सापडणार नाही.

इथवर वाचून 'आपले पूर्वज किती शहाणे' असं वाटायला लागलं असेल, तर जरा थांबा. याच व्यवस्थेत तांबटाची मजुरी किलोच्या भावात विरघळलेली असते. मठारकामाचंच घ्या. भांड्यावर हातोडीने एकाला एक लागून ठसे उमटवायचे, हे काम नुसतं शोभेचं नाही. ठोकल्याने मऊ तांबं कडक होतं आणि भांडं आकार धरून राहतं. सोनाराच्या बिलावर घडणावळ वेगळी लिहिलेली असते, गिऱ्हाईक त्यावर घासाघीसही करतं. तांब्याच्या हंड्याला गिऱ्हाईक फक्त किलोचा भाव विचारतं. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, बंबाची जागा गिझरने घेतली, आणि कोणालाही न दिसणारी ही मजुरी सगळ्यात आधी चेपली गेली. दिवसभर कानाशी हातोडी, त्याची किंमत तर वेगळीच. म्हणजे 'पृथ्वी' या ओळीत पूर्ण मार्क आणि 'लोक' या ओळीत काठावर पास.

याला उत्तर म्हणून गेल्या दीड दशकात वेगळा प्रयोग झाला. इंटॅकच्या पुणे शाखेने आळीत डिझाइनर आणले, त्यातून 'कॉप्र' हा ब्रँड उभा राहिला. दिवे, ट्रे, पाण्याची भांडी अशा वस्तू आता वजनावर नाही, नगावर विकल्या जातात. मला हे पाऊल महत्त्वाचं वाटतं, कारण नगाच्या किमतीत हाताचं काम दिसतं, आणि दिसतं त्याचेच पैसे मागता येतात. पण एक गोष्ट कोणी लिहीत नाही. नगावर घेतलेली वस्तू कपाटात किंवा भेटीच्या खोक्यात जाते. ती कल्हईला निघत नाही, मोडीच्या काट्यावर तर क्वचितच येते. उद्या भंगारवाला नेईलही, पण मग तांबट आणि ते घर यांचा संबंध एका खरेदीपुरताच. या ब्रँडवर हा आरोप नाही, हस्तकलेला 'वारसा' म्हणून विकणाऱ्या सगळ्याच मॉडेलमध्ये ही गाठ आहे: मजुरी सुधारते आणि चक्र सैल होतं. तीन ओळी एकमेकींना पूरक आहेत असं स्लाइड सांगते. इथे त्यातल्या दोन एकमेकींचे पाय ओढतात.

मोठ्या कंपन्यांचं काय? कंपनी कायदा २०१३, कलम १३५. पाच कोटी नफा, हजार कोटी उलाढाल किंवा पाचशे कोटी नक्त मूल्य, यातली एक जरी अट लागू झाली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला आणि हस्तकला आहेत, त्यामुळे तांबटांच्या प्रशिक्षणाला पैसे देता येतात. पण कंपनीच्या नेहमीच्या व्यवहारातलं काम सीएसआर धरलं जात नाही. थोडक्यात, कार्यशाळेचं उद्घाटन, फोटो, हे हिशेबात बसतं. दरवर्षी आपल्या कॅन्टीनसाठी पाण्याचे पिंप तांबटाकडून घेणं, त्यांना कल्हई करून घेणं, जुने मोडीत परत देणं, हे बसत नाही. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, तोही कंपनीनिहायच.

कसबा पेठेतल्याच कागदीपुऱ्यात एकेकाळी हातकागद व्हायचा. गिरणीचा कागद आला आणि तिथे नाव तेवढं उरलं. कुठल्याही अहवालात ती घट नोंदली गेली नसणार, कारण नोंदवणारी वहीच नव्हती.

मला सुचणारा उपाय फारच साधा आहे, आणि सेमिनारमध्ये तो मांडला तर लोक हसतील. बिलावर दोन रकमा लिहा: इतकं तांबं, वजनावर, इतकी मजुरी, नगावर. आणि खाली छापा की भांडं परत आणलंत तर पहिल्या रकमेचा त्या दिवशीचा मोडीचा भाव मिळेल. मजुरी परत मिळणार नाही, ती तांबटाची.